एमजीबी, वीस-पन्नास तेल आणि हजार यार्ड : जुनी स्पोर्ट्स कार पळवणाऱ्यांचा धागा

मिडलँडकर

'जुन्या गाड्या' धाग्यावर मी माझी एमजीबी स्पर्धेत नेतो असं ओझरतं लिहिलं, तेव्हापासून व्यनिच व्यनि (व्यक्तिगत निरोप). प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा इथेच लिहितो. मी काही रेसर नाही. बर्मिंगहॅमजवळ राहतो, सोमवार ते शुक्रवार संगणकासमोर बसतो, आणि गॅरेजमध्ये १९६९ची एक हिरवी, उघड्या टपाची एमजीबी आहे. शनिवार-रविवार तिच्या बॉनेटखाली जातात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : एमजीबी ही एमजी या ब्रिटिश कंपनीची स्पोर्ट्स कार, १९६२ साली आली आणि १९८०ला इंग्लंडमधला ॲबिंग्डनचा कारखाना बंद होईपर्यंत बनत राहिली. पाच लाखांहून जास्त निघाल्या, म्हणून आजही जवळपास प्रत्येक सुटा भाग मिळतो. १७९८ सीसीचं बिडाचं चार सिलिंडरी इंजिन, दोन एसयू बनावटीचे कार्ब्युरेटर, मागे पाट्यांच्या स्प्रिंगा, ब्रेक पुढे डिस्क आणि मागे ड्रम. कंपनीचा दावा ९५ हॉर्सपॉवरचा. शून्यावरून ताशी साठ मैल गाठायला बारा सेकंदांच्या आसपास. सिग्नलवर शेजारची डिझेल हॅचबॅक आरामात पुढे निघून जाते, वर तिच्यातल्या आजीबाई कौतुकाने हात करतात.

पण याच मॉडेलची गाडी १९६३ साली फ्रान्समधल्या ले मान्सच्या शर्यतीत २४ तास धावली. चालक पॅडी हॉपकर्क आणि ॲलन हचेसन. सुरुवातीच्याच फेऱ्यांत हचेसनने ती मुल्सानच्या वळणावर वाळूत घातली, आणि तासाहून जास्त वेळ वाळू उपसण्यात गेला. तरी एकूण बारावी आणि आपल्या वर्गात पहिली. १९६६ला जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंगवर ८४ तासांची 'मॅराथॉन द ला रूट' होती, ती तर सरळ जिंकली. गाडीची खरी जात कुठली ते या दोन निकालांवरून ओळखा. हौशी माणसाने तीच जपायची, असं माझं ठाम मत आहे, आणि खर्चाचा क्रमही त्यावरूनच ठरवायचा.

आधी कुठे पळवता येते ते सांगतो. ट्रॅक डे म्हणजे पैसे भरून सर्किटवर फिरणं. वेळ मोजायला मनाई, ओव्हरटेक समोरच्याने वाट दिली तरच आणि ठरलेल्या बाजूनेच. रोजचा विमा तिथे चालत नाही, हे आधी वाचून घ्या. स्प्रिंट (सपाटीवर) आणि हिलक्लाइंब (टेकडीच्या चढावर) यांत एकेक गाडी सुटते आणि घड्याळाशी लढते. शेजारी कुणी नसतं, त्यामुळे पन्नास वर्षांच्या पत्र्याला दुसऱ्याच्या उत्साहाची शिक्षा होत नाही. मला हेच आवडतं. वूस्टरशरमधलं शेल्सली वॉल्श तर १९०५पासून चालू आहे, त्याच रस्त्यावर : हजार यार्ड लांबी, जवळजवळ शंभर मीटर चढ. ग्लॉस्टरशरमधलं प्रेस्कॉट बुगाटी ओनर्स क्लबचं, १९३८पासूनचं. स्पर्धेचा परवाना मोटरस्पोर्ट यूके देते, आणि आयोजक क्लबचं सभासदत्व लागतं. एंट्री साधारण दीडशे-दोनशे पौंडांत होते. दारं एकमेकांना घासणारी खरी रेस मी करत नाही, तेव्हा त्यावर बोलणार नाही.

आता पैसे. पहिले पैसे ब्रेकवर. ब्रेक ऑईल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ दर्जाचं कोरं ऑईल निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरलेलं १५५लाच उकळू शकतं. उकळलं की नळीत वाफ, आणि वाफ दाबली जाते, म्हणजे पेडल थेट फरशीला. रोजच्या रस्त्यावर हे कळतसुद्धा नाही. ट्रॅकवर चौथ्या-पाचव्या फेरीत कळतं आणि तेव्हा समोर वळण असतं. त्यानंतर टायर. जुन्या गाड्या कमी चालतात, म्हणून नक्षी खोल दिसते आणि रबर दगड झालेलं असतं. टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ते वाचा. मग सीट, पट्टे आणि उघडी गाडी असेल तर डोक्यामागे रोलबार, म्हणजे गाडी उलटली तर डोकं वाचवणारी लोखंडी कमान. मग तेल-पाणी. मग पाट्यांचे आणि सस्पेन्शनचे रबरी बुश. ताकद सगळ्यात शेवटी, आणि तोवर बहुधा पैसे संपलेले असतात, ते बरंच.

विचारा काय विचारायचं ते.

---

अर्धी_टाकी

वाखुसा (वाचनखूण साठवली). फोटो नसलेला गाडीचा धागा हा फाऊल धरला जातो.

---

उद्यमनगरी

भावा, एक विचारू का? हे इंजिन म्हणजे आमच्या अँबॅसडरचंच न्हवं काय? फोटो बघितला नेटवर. टॅपेट कव्हर, मॅनिफोल्डची बाजू, डिस्ट्रिब्युटरची जागा, समदं वळखीचं. आमच्या वडलांनी कोल्हापुरात अशी किती बोअर केली असतील त्याला हिशेब नाही.

---

मिडलँडकर

@उद्यमनगरी, बरोब्बर ओळखलंत! दोन्ही बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) बी-सिरीज घराण्यातली. अँबॅसडरचं १४८९ सीसी, एमजीबीचं १७९८. सुरुवातीच्या एमजीबीला क्रँकला तीनच मेन बेअरिंग होती, १९६४च्या शेवटी पाच झाली. ट्रॅकवर न्यायची तर पाचवालीच घ्या. म्हणजे सातासमुद्रापार बसून मी जे स्पोर्ट्स कारचं कौतुक करतोय, त्याच्या थोरल्या भावाने आपल्याकडे कलेक्टरसाहेबांना आणि लग्नाच्या वऱ्हाडाला पोचवलंय.

---

उद्यमनगरी

मग नवाचा हिशेब म्हाईत असंलच तुम्हाला. नव्या पोरांसाठी लिहितो. आठ व्हॉल्व्ह एका ओळीत. टॅपेट, म्हंजे रॉकर आणि व्हॉल्व्हमधलं अंतर, सेट करायला मॅन्युअल उघडायची गरज न्हाई. आठ नंबरचा पुरा दाबला गेला की एक नंबर सेट करायचा. सात दाबला की दोन. सहा-तीन, पाच-चार, आणि मग उलटं. बेरीज कायम नऊ. फिलर गेज पंधरा थाऊचं, थाऊ म्हंजे इंचाचा हजारावा भाग. पातं सरकताना जरा धरल्यागत वाटलं पायजे. सुळकन गेलं तर सैल, ओढायला लागलं तर घट्ट. आणि पातं सरळ घालायचं. रॉकरला खड्डा पडला असंल तर पातं खड्ड्यावरनं जातं, गेज पंधरा दावतं आणि खरं अंतर वीस असतंय. मग गिऱ्हाईक म्हणतंय सेट करून पण टकटक जाईना.

---

मिडलँडकर

खड्ड्याचा मुद्दा लाखमोलाचा. इथे लोक टकटकीला कंटाळून टॅपेट घट्ट करतात. मग व्हॉल्व्ह पुरता बसत नाही, आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हची उष्णता तर सीटला टेकल्यावरच बाहेर पडते. रस्त्यावर खपून जातं, पण टॉप गिअरमध्ये मिनिटभर पूर्ण थ्रॉटलवर व्हॉल्व्ह जळतो. टकटकणारा टॅपेट परवडला.

त्यातच बिनशिशाच्या पेट्रोलची भानगड. या इंजिनांच्या काळात पेट्रोलमधलं शिसं एक्झॉस्टच्या सीटला सांभाळायचं. आता ते नाही, तर मूळ बिडाची सीट हळूहळू खचत जाते आणि टॅपेटचं अंतर आपोआप कमी होतं. हेड उतरवलंच आहे तर कडक सीट बसवून घ्या, वादच मिटतो.

---

सदूकाका_गॅरेजवाले

नमस्कार. मी सरकारी मोटार गॅरेजमध्ये नोकरी केली, निवृत्त होऊनही आता बरीच वर्षे झाली. नातीने हा धागा दाखवला. एसयू कार्ब्युरेटरबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो.

एसयूचे मिश्रण कानाने तपासता येते. इंजिन पूर्ण गरम करावे, एअर फिल्टर काढावा. मग स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने कार्ब्युरेटरमधला पिस्टन जेमतेम पाव सूत (इंचाचा बत्तिसावा भाग) उचलावा. पाव सूत म्हणजे पाव सूतच, जास्त नाही. इंजिनाची रेस वाढली आणि वाढलेलीच राहिली तर मिश्रण गडद, म्हणजे पेट्रोल जास्त आहे. इंजिन लगेच मरू लागले तर फिके, म्हणजे पेट्रोल कमी. किंचित वाढून पुन्हा जागेवर आले तर बरोबर. खालचा जेटचा नट एका वेळी एकच बाजू फिरवावा, म्हणजे षटकोनाची एक कड, आणि पुन्हा ऐकावे. आमच्याकडे नवीन आलेली मुले दोन-दोन फेरे फिरवत आणि मग दिवसभर शोधत बसत.

पिस्टनच्या वरच्या नळकांड्यात, म्हणजे डॅशपॉटमध्ये, पातळ तेल घालावे. ते संपले की गाडी पाय दाबताच अडखळते आणि लोक विनाकारण जेट बदलतात.

---

मिडलँडकर

काका, दंडवत. इथे याच कामासाठी लोक वर्कशॉपला भरघोस पैसे मोजतात.

जोड कार्ब्युरेटरला एक काम वाढतं, दोघांची हवा सारखी करणं. त्यालाही यंत्र नको. हातभर रबरी नळी घ्या, एक टोक कानात, दुसरं कार्ब्युरेटरच्या तोंडाशी, दोन्हीकडे त्याच जागी. फुसफुस सारखी येईस्तोवर स्क्रू फिरवायचा. हवा आधी, मिश्रण नंतर. उलट केलंत तर दोन्ही पुन्हा करावं लागतं. नळी पंख्याच्या पट्ट्यापासून लांब धरा, एवढीच विनंती.

---

सदूकाका_गॅरेजवाले

नळी आम्हीही वापरत असू, पण ती बेअरिंगचा आवाज ऐकण्यासाठी. आमच्या गाड्यांना एकच कार्ब्युरेटर.

---

स्टेज_थ्री

धागाकर्त्याचा आदर राखून सांगतो, 'ताकद शेवटी' हे मला पटत नाही. मीही इंग्लंडमध्येच असतो, १९७३ची जीटी, म्हणजे बंद टपाची एमजीबी आहे. बोअर वाढवून १९५० सीसी केलं, कॅम बदलला, हेडचे पोर्ट (हवा-धुराचे मार्ग) मोठे केले. गाडीचा स्वभावच बदलला. ब्रेक-टायर तर करायचेच, पण ९५ घोड्यांत माणूस कंटाळून गाडी विकतो. मजा आली तर तो टिकेल आणि टिकला तर शिकेल.

शिवाय बी-सिरीजचं हेड हा मुळातला अडथळा आहे. चार सिलिंडर आणि आत यायला पोर्ट दोनच, दोघांत एक. एक्झॉस्टला तीन, मधला सामायिक. एवढ्या नाकातून ते इंजिन श्वास घेणार किती? ॲल्युमिनियमचं क्रॉसफ्लो हेड (हवा एका बाजूने आत, धूर दुसऱ्या बाजूने बाहेर) बसवलं की हे इंजिन काय चीज आहे ते कळतं.

---

मिडलँडकर

हेडबद्दल शंभर टक्के बरोबर. भांडण क्रमाचं आहे.

पहिली गोष्ट, वर्ग. इंजिनात जितकी कारागिरी तितका तुम्ही मॉडिफाइड वर्गात ढकलले जाता, आणि तिथे गाठ पडते काचा काढून प्लास्टिक लावलेल्या, आतून भुंड्या केलेल्या गाड्यांशी. १९५० सीसीची, आतून गालिच्यासकट असलेली जीटी तिथे तळाला राहते. साध्या वर्गात साधी गाडी घेऊन निदान बरोबरीच्या माणसांशी झुंज होते. स्पर्धेचं नियमपत्रक पान्याच्या आधी उघडावं.

दुसरी गोष्ट, उष्णता. ताकद वाढली की रेडिएटर, ऑईल कूलर, क्लच, ब्रेक, मागचा ॲक्सल सगळ्यांचा हिशेब बदलतो. पाट्यांवरच्या ॲक्सलला जास्त जोर दिला की सुटताना पाटे इंग्रजी एससारखे पिळतात आणि मागची चाकं रस्त्यावर धाडधाड उड्या मारतात. मग त्याला आवरायला वेगळ्या दांड्या. एका कॅमची किंमत कॅमवर संपत नाही.

मजेचं म्हणाल तर ज्याची त्याची.

---

स्टेज_थ्री

उड्यांचं खरं आहे. माझ्या गाडीला दांड्या लावून झाल्या. :)

---

खोचक_सदाशिवपेठी

एक बाळबोध शंका. एवढं पेट्रोल जाळून, एवढे पौंड उधळून माणूस जिथून निघाला तिथेच परत येतो. याला खेळ म्हणतात की जत्रेतला पाळणा? आणि इकडे आम्हाला सांगतात की गाडी कमी वापरा.

---

टेकडीवरची_ताई

खोचकराव, टेकडीवर गोल फिरत नाहीत, वर जातात. :) शेल्सलीच्या चार फेऱ्या म्हणजे पावणेचार किलोमीटरही होत नाहीत. घरून तिथपर्यंत यायलाच त्याच्या कितीतरी पट पेट्रोल लागतं. तुम्ही लग्नाला कोल्हापूरला गाडीने जाता तेव्हा कुणी हिशेब मागतं का?

मी स्वतः गाडी पळवत नाही, मार्शल आहे. नारिंगी झगा, हातात झेंडा, पोटात बेकन रोल (मी शाकाहारी, माझ्या पोटात चीज रोल). कधी वळणावर उभी असते, कधी स्टार्टला. स्टार्ट चढावर असतो, म्हणून गाडी रेषेवर आली की मागच्या चाकाखाली लाकडी ठोकळा सरकवायचा. गाडी ठोकळ्यावर टेकते, चालकाचा पाय ब्रेकवरून मोकळा होतो, हिरवा दिवा लागतो, गाडी सुटते. गाडीच्या पुढे लावलेली काळी पट्टी प्रकाशकिरण तोडते आणि घड्याळ चालू होतं. म्हणजे सुटायला अर्धा सेकंद उशीर झाला तरी वेळेत धरत नाहीत. नवखे लोक दिवा लागताच घाईने क्लच सोडतात आणि चाकं जागच्या जागी जळतात. दिवा ही शर्यतीची बंदूक नव्हे. निवांत सुटा.

आणि एक कळकळीची विनंती. इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीला (ब्रीदर) तेल झेलणारा डबा, म्हणजे कॅच टँक, लावा आणि तो फेरीआधी रिकामा करा. वळणावर कुणी तेल सांडलं की आम्ही सिमेंटची भुकटी टाकून झाडूने पसरतो, झाडतो, परत टाकतो. तोवर खाली सगळ्यांचे टायर आणि डोकी थंड होत असतात. ज्याचं तेल सांडलं त्याच्याशी दुपारभर कुणी बोलत नाही.

---

खोचक_सदाशिवपेठी

पावणेचार किलोमीटरचा मुद्दा मान्य. बाकीच्यावर विचार चालू आहे.

---

मिडलँडकर

ताई, ठोकळ्याबद्दल धन्यवाद. स्पर्धेआधीच्या तपासणीच्या रांगेतून परत पाठवतात ती कारणंही नव्यांनी ऐकून ठेवावीत, कारण ती फुकटात टाळता येतात. बॅटरीच्या अर्थच्या वायरीला पिवळी पट्टी हवी, म्हणजे गडबडीत कुणालाही ती वायर कुठली ते दिसतं. इग्निशनच्या स्विचवर 'बंद'ची दिशा लिहिलेली हवी. थ्रॉटलला जादा स्प्रिंग हवी, एक तुटली तरी पाय काढल्यावर थ्रॉटल मिटला पाहिजे. आणि बॅटरी हलता कामा नये. १९७४पर्यंतच्या एमजीबीत सीटमागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात, आणि त्यांची पेटी हमखास सडलेली असते. गालिच्याखाली असल्याने वर्षानुवर्षं कुणी पाहत नाही.

---

बे_एरियातला_बावधनकर

मस्त धागा. अमेरिकेतून भर घालतो. माझ्याकडे १९८६ची पोर्शे ९४४ आहे, साधी, टर्बो नाही. ती एमजीबीच्या मानाने कालची पोर, पण चाळिशीची झालीच. कॅलिफोर्नियात थंडरहिलला जातो. विलोज गावाजवळचं हे सर्किट एससीसीएच्या (स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका) सॅन फ्रान्सिस्को शाखेच्या मालकीचं, म्हणजे हौशी लोकांनीच हौशी लोकांसाठी बांधलेलं. उन्हाळ्यात पारा चाळिशीकडे.

९४४चं वैशिष्ट्य म्हणजे इंजिन पुढे, गिअरबॉक्स मागे, त्यामुळे वजन पुढेमागे जवळजवळ निम्मं-निम्मं. वळणात अतिशय गुणी. पण तिचा एक कुप्रसिद्ध रोग आहे, दोन नंबरच्या सिलिंडरचं कनेक्टिंग रॉड बेअरिंग. लांब, वेगवान वळणात तेल संपच्या (इंजिनाखालची तेलाची टाकी) एका भिंतीवर चढतं, पंपाचं तोंड उघडं पडतं, हवा ओढली जाते आणि पहिला मार दोन नंबर खातं. क्रँकच त्यासोबत जातो. उपाय : संपमध्ये पडदे, तेल वरच्या खुणेपर्यंत, आणि चिकट टायर लावत असाल तर दाबाखाली तेल साठवणारी वेगळी टाकी. हा 'चिकट टायर' भाग लोक विसरतात. मूळ टायरवर तेवढा जोर लागतच नाही. पकड वाढवली की तेलाचा प्रश्न तुम्हीच विकत आणता.

दुसरं, टायमिंग बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. बेल्टचं वय वर्षांतही मोजा, नुसतं मैलांत नको.

एमजीबीला तेलाचा हा त्रास आहे का?

---

मिडलँडकर

आहे, कमी प्रमाणात. लेस्टरशरमधल्या मॅलरी पार्कला जेरार्ड्स नावाचं उजवं वळण आहे, संपतच नाही असं वाटतं. तिथे नजर एका क्षणासाठी तेलाच्या दाबाच्या काट्यावर टाकायची. गरम इंजिनात चालताना ५० ते ८० पीएसआय हवं. वळणाच्या मध्यावर काटा पडून बाहेर पडताना परत आला तर तेल सरकतंय. पाय हलका करायचा, आत येऊन संपमध्ये पडदा बसवायचा. सरळ रस्त्यावरही हळूहळू उतरत असेल तर तेल तापून पातळ झालंय, ते दुखणं वेगळं, त्याला कूलर. काटा किती पडला यापेक्षा *कुठे* पडला ते लक्षात ठेवा.

तेल वीस-पन्नासच (डब्यावर 20W-50 लिहिलेलं). आधुनिक गाड्यांचं पातळ महागडं तेल घालण्याचा मोह टाळा. या इंजिनाच्या कॅमवर सपाट टॅपेट घासतात, त्यांना जस्त-फॉस्फरसचं संयुग असलेलं तेल लागतं, आणि आजच्या तेलांतून ते कमी केलंय, कारण कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला ते सोसत नाही. जुन्या गाड्यांसाठीचं तेल मिळतं, तेच घ्या.

ट्रॅकवरून आत आल्यावर हँडब्रेक ओढू नका. मागचे ड्रम तापलेले असतात, शूज त्यांना चिकटतात. गिअरमध्ये ठेवा, चाकाला ठोकळा लावा. शेवटची फेरी ब्रेक न लावता हळू मारा, तेवढ्याने ब्रेक पुष्कळ निवतात.

---

मुळशीचा_मॉरिस

आमचं काय? पुण्यात बसून नुसत्या जिभल्या चाटायच्या का? इकडे काय करता येतं?

---

उद्यमनगरी

कोल्हापुरात कार्टिंगचा ट्रॅक हाय की. बसून बघा, कंबर दोन दिवस सांगत्या.

---

बे_एरियातला_बावधनकर

@मुळशीचा_मॉरिस, मोठ्या गाडीसाठी सर्किटं दक्षिणेत. कोइमतूरचं करी मोटर स्पीडवे, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचं. दिल्लीकडे ग्रेटर नोएडाचं बुद्ध. स्पर्धेचा परवाना एफएमएससीआय ही भारतातल्या मोटरस्पोर्ट क्लबांची संघटना देते. चेन्नईची परंपरा जुनी आहे. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब १९५३चा, आणि शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर कित्येक वर्षं फियाट, अँबॅसडर, नंतर मारुती धावल्या. जुन्या स्पोर्ट्स कारचाच हट्ट नसेल तर नीट ठेवलेली मारुती ८०० हा चांगला श्रीगणेशा आहे. वजन नावाला, टायर स्वस्त, आणि मेकॅनिक गल्लीत.

---

मुळशीचा_मॉरिस

आठशे तर काकांची पडूनच आहे. ब्रेक ऑईलपासून सुरुवात करतो, धागाकर्त्याच्या क्रमाने.

---

लंडनची_नवी_सून

मिडलँडकर दादा, माझ्या नवऱ्याच्या डोक्यात एमजीबीने घर केलंय. काळ्या रबरी बंपरवाली स्वस्तात मिळतेय. घ्यावी का? आणि बघायला गेल्यावर काय बघू? त्याला फक्त रंग दिसतो.

---

मिडलँडकर

ताई, तुम्हीच जा बघायला.

रबरी बंपर १९७४च्या शरदात अमेरिकेच्या नियमांपायी आले. हेडलाइट-बंपरची उंची जुळवायला गाडी दीड इंच उचलली, वर उघड्या गाडीचा पुढचा अँटी-रोल बारही काढून टाकला, तो १९७६ला परत आला. मधल्या दोन वर्षांतली गाडी वळणात बोटीसारखी कलते. म्हणून ती स्वस्त. पण खाली बसवणं आणि बार लावणं हे एका शनिवार-रविवारचं काम आहे, भागही मिळतात. ट्रॅकसाठी घ्यायची तर वाईट सौदा नाही. फक्त किंमत करताना बोलून दाखवा.

खरी परीक्षा गंजाची. या गाडीला चॅसिस नाही, दाराखालचे सिल हेच तिचं हाड. बाहेरून नवा पत्रा लावून आतला सडका तसाच ठेवण्याची कला इथेही आहे. दार लावून त्याच्या वरच्या कोपऱ्यातली फट पाहा. मग मागून जॅक लावून गाडी उचला आणि परत पाहा. फट मिटत आली किंवा दार अडकलं, तर सिल गेले, नमस्कार करून निघा. लोहचुंबक पातळ फडक्यात गुंडाळून न्या, पुट्टीवर तो चिकटत नाही. इंजिन टकटकत असेल, धूर काढत असेल, तर उलट खूश व्हा, त्यावरून भाव पाडता येतो. इंजिनचं काम पत्र्याच्या कामापुढे काहीच नाही. अगदीच झालं तर ब्रिटिश मोटर हेरिटेज १९८८पासून मूळ साच्यांवर नवी बॉडी बनवते, पण त्या रस्त्याला लागलात तर घराच्या हप्त्यांचा विचार आधी करा.

पुढची चाकं ज्यावर वळतात त्या किंगपिनला ग्रीस मारलंय का तेही विचारा. विक्रेता 'म्हणजे काय' म्हणाला की समजा. चाकं हवेत उचलून ग्रीसगन लावायची, वजन टेकलेलं असताना ग्रीस हवं तिथे पोचत नाही.

---

लंडनची_नवी_सून

खूप आभार दादा. लोहचुंबक फ्रिजवरचा चालेल ना?

---

टेकडीवरची_ताई

चालेल. आणि आवडली तर एकच गाडी दोघांच्या नावाने स्पर्धेत लावता येते, आधी एक जण चालवतो, मग दुसरा. नवऱ्यापेक्षा तुमची वेळ चांगली आली तर ती लाउडस्पीकरवरून सांगतात.

---

लंडनची_नवी_सून

घेतलीच समजा.

---

स्टेज_थ्री

एक राहिलं. इथलं साधं पेट्रोल सप्टेंबर २०२१पासून ई१०, म्हणजे दहा टक्के इथेनॉल. जुन्या रबरी पाइपांना ते खातं. माझ्या कार्ब्युरेटरच्या फ्लोट चेंबरजवळ पाइप घामेजल्यासारखा ओला दिसायला लागला होता, खाली एक्झॉस्ट. कुणाचा काय उपाय?

---

मिडलँडकर

पेट्रोल सुपर भरा, त्यात इथेनॉल पाच टक्क्यांपर्यंतच. पण पाइप तरीही बदला, टाकीपासून पंपापर्यंतचा छोटा तुकडाही, तो हमखास बदलायचा राहून जातो. पाइपवर 'आर९' छापलेलं पाहून घ्या, नुसतं 'फ्युएल होज' नको. आवळायला बारीक स्क्रूच्या गुळगुळीत पट्टीच्या क्लिपा वापरा, दाते असलेल्या क्लिपा रबर कापतात. काम गार इंजिनावर, बॅटरी काढून. दोनेक मीटर घ्या, उरला तर डिकीत टाका, पॅडॉकमध्ये, म्हणजे स्पर्धेच्या गाड्या उभ्या करतात तिथे, कुणी ना कुणी मागतंच.